मिस्त्रीला पैसे कधी द्यायचे, किती द्यायचे आणि कसे द्यायचे

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. अठरा वर्षं जुना टू बीएचके फ्लॅट आहे. दोन्ही बाथरूम फोडून नव्याने करायची आहेत. किचनच्या ट्रॉल्या, दोन बेडरूमची कपाटं, थोडं वायरिंग आणि सगळ्या घराला रंग. ठेकेदाराने ६ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय आणि त्यातली अर्धी रक्कम काम सुरू व्हायच्या आधी रोख मागतोय. 'मालाचे भाव वाढतायत, आज बुक केलं तरच हा रेट,' असं त्याचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी एक सुतार ६० हजार उचल घेऊन गेला तो परत फिरकलाच नाही, म्हणून धास्ती. मिस्टर निवृत्त शिक्षक आहेत, पैसे ग्रॅच्युइटीतले आहेत. आगाऊ किती द्यायचे, कसे द्यायचे आणि बुडालेच तर कुठे जायचं, हे त्यांना हवंय.

ताई, तीन लाख वीस हजार देऊ नका. रोख तर अजिबातच नको. एका व्यवहारापोटी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. दंड होतो तो घेणाऱ्याला, आणि तोही घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे ठेकेदार जे मागतोय ते उद्या त्याच्याच अंगाशी येऊ शकतं. हे त्याला शांतपणे सांगा, भांडायची गरज नाही.

मी या कामात सत्तावीस वर्षं आहे. आधी दुसऱ्यांच्या साइटवर सुपरवायझर होतो, नंतर स्वतःची छोटी कामं घ्यायला लागलो. बहुतेक जुनी घरं, गळकी बाथरूम, नूतनीकरण. मी उचल घेतलीय, दिलीय आणि माझीही बुडालीय. सातपूरच्या एका फॅब्रिकेटरला जिन्याच्या रेलिंगसाठी मी ४० हजार दिले होते. महिनाभराने गेलो तर शेडला कुलूप, आणि शेजारचा चहावाला म्हणाला, 'तुम्ही आज चौथे.' तेव्हापासून पैसे देण्याची रीतच बदलली.

आधी हे पैसे बुडतात कसे ते समजून घ्या. आपल्याला वाटतं, ठेकेदार फसवायचा बेत करूनच दारात येतो. तसेही असतात. पण मी जास्त पाहिलेत ते अडकलेले लोक. आधीच्या साइटचा माल उधारीवर आणलेला असतो, तिथल्या मालकाने शेवटचा हप्ता दिलेला नसतो, दुकानदाराने माल बंद केलेला असतो. अशा वेळी तुमचे तीन लाख हातात येतात. त्यातले लाखभर जुन्या दुकानाला जातात, साठ-सत्तर हजार पोरांच्या थकलेल्या मजुरीत, थोडे गाडीच्या हप्त्यात. तुमच्या घरात पहिली छिन्नी पडते तेव्हा त्याच्याकडे तुमच्या कामाचे लाखभरही उरलेले नसतात. मग तुमचं काम पुढे न्यायला तो पुढच्या गिऱ्हाइकाकडून उचल घेतो. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. नवी कामं मिळत राहतात तोवर चाक फिरतं. एक काम हुकलं की शेवटचे दोन-तीन घरमालक खड्ड्यात जातात. तुमचा ६० हजारवाला सुतार बहुतेक असाच गेला असणार.

निफाड-दिंडोरीच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. द्राक्षाचा व्यापारी गाडी भरून माल नेतो, पुढच्या तारखेचा चेक देतो आणि हंगाम संपायच्या आत त्याचा फोन बंद होतो, हे आपल्या जिल्ह्यात दरसाल कुणाच्या ना कुणाच्या नशिबी येतं. शेतकरी माल आधी देऊन बसतो, तुम्ही पैसा आधी देऊन बसता. दोघांच्याही हातात मागे धरून ठेवायला काही उरत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पैसा कामाच्या मागे चालू द्या, पण एकच पाऊल मागे. पैसा कामाच्या पुढे गेला की तुमचा जोर संपतो. फार मागे राहिला की मिस्त्रीची माणसं उपाशी राहतात आणि तो जिथे पैसे मिळतात त्या साइटवर निघून जातो. दोन्हीकडे नुकसान तुमचंच.

आता तुमच्या कोटेशनकडे येऊ. ६ लाख ४० हजार असा एकच आकडा धरून बोलणी करू नका. त्याच्याकडून फोड करून घ्या: बाथरूम २ लाख १० हजार, सुतारकाम ३ लाख १० हजार, रंग ७० हजार, इलेक्ट्रिक ५० हजार, असं काहीतरी निघेल. मग प्रत्येकात माल किती आणि मजुरी किती तेही लिहून घ्या. ही फोड द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलायचं का याचा विचार करा. ज्याने खरंच हिशोब करून आकडा काढलाय त्याला फोड द्यायला दहा मिनिटं लागतात.

मालाचे पैसे ठेकेदाराच्या हातात देऊ नका, थेट दुकानाला द्या. टाइल्स, पाइप, नळ, प्लायवूड, वायर, रंग, सगळं. त्याला बरोबर घेऊन जा, निवड त्याच्या सल्ल्याने करा, पण बिल तुमच्या नावाचं आणि पैसे तुमच्या खात्यातून दुकानाच्या खात्यावर. भाव वाढतायत म्हणतो ना, मग उद्याच दुकानात जाऊन माल बुक करू म्हणा. भाववाढीची काळजी खरी असेल तर तो लगेच तयार होईल.

यात एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. बऱ्याच दुकानांत प्लंबरला, सुताराला गिऱ्हाईक आणल्याबद्दल काही टक्के मिळतात. ही जुनी रीत आहे, त्यावरून त्याला चोर ठरवू नका. फक्त तोच माल, तीच कंपनी, तोच नंबर घेऊन गावात आणखी एका दुकानात भाव विचारा. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर त्याच्याच दुकानातून घ्या, कारण उरलेला माल परत करायचा असेल, पाइपचा एखादा जोड बदलून हवा असेल, तेव्हा ओळखीचं दुकान कामी येतं. फरक वीस टक्के निघाला तर दुकान बदला.

आणि पक्कं बिलच घ्या. बिलावर जीएसटी नंबर असतो, पंधरा अक्षरांचा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर सुरुवात २७ ने होते. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की दुकानाचं नाव दिसतं. छोट्या ठेकेदाराकडे हा नंबर नसतो आणि त्यात गैर काही नाही. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. मात्र नंबर नसताना कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी लावला असेल तर तो काढायला सांगा. नोंदणी नसलेल्याला तो कर घ्यायचा अधिकारच नाही.

म्हणजे ठेकेदाराला आगाऊ द्यायचे ते फक्त मजुरीपोटी. तुमच्यासारख्या कामाला १५ ते २० हजार बयाणा पुरे. तेवढ्यात तो माणसं आणतो, हत्यारं आणतो, तारीख पक्की होते. गेले तरी तुमचं घर थांबत नाही.

बाथरूमचा हिशोब मी कसा बांधतो ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. फरशीखाली काय गाडलंय ते नंतर दिसत नाही. दोन बाथरूमची मजुरी ८५ हजार धरा. तोडफोड करून राबिट, म्हणजे फोडलेला मलबा, खाली नेऊन टाकलं की १२ हजार. भिंतीतली पाइपलाइन टाकून प्रेशर टेस्ट झाली की १८ हजार. वॉटरप्रूफिंग होऊन पाणी भरून पाहिलं की १५ हजार. टाइल्स बसून सांधे भरले की २५ हजार. नळ, कमोड, शॉवर बसून चालू झाले की ७ हजार. राहिलेले ८ हजार महिनाभर वापरून झाल्यावर. बयाणा पहिल्या दोन हप्त्यांतून वळता करायचा.

यातली पाणी भरायची पायरी कुणी 'कशाला वेळ घालवता' म्हणत टाळू लागला तर तिथे थांबा. माझी पद्धत अशी आहे. वॉटरप्रूफिंगचा थर वाळला की नाहणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या भोकात, कापडाचा बोळा घालून वरून सिमेंटचा कच्चा लेप देतो. दाराशी विटांचा चार इंची बांध घालतो. बाथरूममध्ये तीन इंच पाणी सोडतो आणि पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलीने चार ठिकाणी मारून ठेवतो, शेजारी तारीख आणि वेळ. खडू वापरू नका, ओल लागली की पुसला जातो. किमान २४ तास ठेवायचं, मी ४८ ठेवतो. उन्हाळ्यात वाफ होऊन पातळी एखादा मिलिमीटर उतरते, तेवढं चालतं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या बाथरूमच्या स्लॅबखाली हात फिरवायचा. कोपऱ्यात आणि पाइपच्या भोवती. ओल आधी डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला गार लागते. सगळं कोरडं असलं तरच हप्ता द्यायचा. एकदा कॉलेज रोडच्या एका घरी मी घाईत ही पायरी सोडली होती. चार महिन्यांनी खालच्या घराचं पीओपी पडलं, आणि टाइल्स, कोबा सगळं माझ्या खर्चाने परत फोडावं लागलं.

पाइपलाइनचंही तसंच. भिंतीतल्या झिऱ्या, म्हणजे पाइपसाठी कोरलेल्या चरी, बुजवायच्या आधी प्रेशर पंप लावायचा, काट्याचा फोटो काढायचा, सकाळी पुन्हा काढायचा. काटा तिथेच हवा. झिऱ्या उघड्या असतानाच भिंतीला टेप लावून सगळ्या पाइपचे फोटो काढून ठेवा. पुढे आरसा लावायला ड्रिल मारताना हेच फोटो कामाला येतात.

आता खर्ची. हा शब्द तुम्हाला शनिवारी ऐकायला मिळेल. पूर्ण हिशोब पुढे होतो, पण गवंडी-बिगाऱ्यांना आठवड्याचा किराणा भरायला मधेच थोडे पैसे द्यावे लागतात, ती खर्ची. ती द्यायलाच हवी. पण ती तुम्ही त्या-त्या पोराच्या हातात सुटी देऊ नका. ठेकेदाराला द्या, त्याच्यासमोर वहीत लिहा आणि हप्त्यातून वळती करा. आणि सोमवारी बिगाऱ्याला सहज विचारा, 'शनिवारी खर्ची मिळाली का रे?' तो मान खाली घालून हसला, बोलला नाही, तर समजा की तुमचा पैसा दुसऱ्या साइटवर गेला. माझ्या अनुभवात काम बंद पडायची पहिली खूण हीच असते. दुसरी खूण म्हणजे साइटवरची माणसं रोज एकेक कमी होत जाणं. तिसरी, तुमच्या पैशाने आलेला माल 'दुसरीकडे जरा लागतोय, उद्या आणून देतो' म्हणून बाहेर जाणं. यातलं काहीही दिसलं की पुढचा हप्ता थांबवा आणि समोर बसून मोजमाप करा.

सुतारकामात रक्कम मोठी आणि डोळ्यांत धूळ फेकायला जागा भरपूर. प्लायवूडच्या शीटवर आयएसआयचा शिक्का असतो. पाण्याजवळच्या कामाला, म्हणजे किचनला, आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. कपाटांना आयएस ३०३ चालतं. वरच्या दोन शीट ७१० च्या आणि खाली भलत्याच, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. शीट उतरवताना एकेक मोजा, प्रत्येकीचा शिक्का पाहा, शिक्क्याजवळ सीएम/एल असं लिहून एक नंबर असतो तो बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकून पाहा. कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. जाडी टेपने मोजा. १९ मिमीचे पैसे घेऊन १६ मिमी टाकलेली मी पकडलीय. ८ बाय ४ ची एक शीट ३२ चौरस फूट, तेव्हा किती शीट लागतील याचा अंदाज तुम्हालाही येतो. सुताराला सांगा, शिक्का असलेले तुकडे टाकू नकोस, एका गोणीत ठेव.

दर कशावर आहे तेही आधी ठरवा. कपाटाची फक्त समोरची बाजू मोजायची की आतले कप्पेही, लॉफ्ट वेगळा का, आतून लॅमिनेट का रंग, बिजागऱ्या आणि चॅनल कुठल्या कंपनीचे. भांडणं इथे होतात. सुताराची मजुरी सांगाडा उभा राहिल्यावर ४० टक्के, लॅमिनेट लागल्यावर ३०, दारं-ट्रॉल्या बसून सगळं सुरळीत सरकल्यावर २०, आणि १० टक्के महिन्याने. दार सरळ बसलंय की नाही हे पहिल्या दिवशी कळत नाही. चार आठवडे उघड-मीट झाली की बिजागरी खरं बोलते.

रंगाऱ्याचं थोडक्यात सांगतो. कार्पेट एरियाला साडेतीनने गुणून भिंतींचं क्षेत्रफळ काढायची पद्धत आहे, ती मानू नका. टेप धरून भिंती मोजा, दारं-खिडक्या वजा करा. किती हात, म्हणजे किती थर, ते लिहा: लांबी (पुट्टी) दोन, प्रायमर एक, रंग दोन. बादल्या सीलबंद घ्या आणि तुमच्यासमोर उघडायला लावा. बादलीत रंगाऱ्यासाठी कंपनीचं टोकन निघतं, ते त्याचं त्याला घेऊ द्या. वायरमनकडून कामाच्या शेवटी प्रत्येक पॉइंट चालू करून दाखवून घ्या आणि वायरच्या रिकाम्या खोक्यांवरची जाडी तपासा. दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिमी, असं साधारण असतं.

ज्यांचं घराचं बांधकाम चालू आहे त्यांच्यासाठी एकच सांगतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळू-खडीची गाडी आली की टेपने गाडीतच मोजा. सात फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट उंच भरली तर ८७.५ घनफूट होतात, आणि चलनावर मात्र एक ब्रास लिहिलेलं असतं.

आता ज्याने भल्याभल्यांचं बजेट मोडतं ते, म्हणजे एक्स्ट्रा काम. यात फसवणूक कमी आणि आळस जास्त. तुम्ही चहा देताना म्हणता, 'इथे एक कोनाडा करून द्या ना.' तो म्हणतो, 'होऊन जाईल ताई.' शेवटी त्याच्या कागदावर कोनाड्याचे साडेचार हजार असतात. त्याचं चूक नाही, तुमचंही नाही, दर कुणी बोललंच नव्हतं. म्हणून काही वाढवलं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: 'हॉलमध्ये कोनाडा, माल-मजुरी धरून ३२००, ठीक?' त्याचं 'हो' आल्यावरच हात लावायचा. काही कमी केलं तर तेही तसंच लिहा, वजा करून.

लेखी कराराला लोक बिचकतात. वकील लागतोच असं नाही. दोन पानं पुरतात: काय काम, कुठला माल, दर, हप्ते कशावर, सुरुवात आणि शेवट कधी, अर्धवट सोडलं तर काय, दुरुस्तीची हमी किती दिवस. महाराष्ट्रात आता ५०० रुपयांच्या स्टँपवर करतात. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, ठेकेदाराच्या ओळखपत्राची प्रत. आधार देत असेल तर शेवटचे चार आकडे दिसतील अशीच प्रत घ्या, त्याचाही गैरवापर व्हायला नको.

पैसे यूपीआयने किंवा क्रॉस केलेल्या चेकने, आणि ज्याच्याशी करार त्याच्याच खात्यावर. 'माझं खातं लॉक आहे, भाच्याच्या नंबरवर टाका' म्हणाला तर उद्यापर्यंत थांबतो म्हणा. पाठवताना खाली टीप लिहायची जागा असते, तिथे 'बाथरूम, वॉटरप्रूफिंग, तिसरा हप्ता' असं लिहा. यूपीआयवर दिवसाला साधारण एक लाखाची मर्यादा असते आणि असल्या हप्त्यांना तेवढी भरपूर आहे. खर्ची रोख द्यावी लागली तर वहीत सही. ५ हजारांहून मोठ्या रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्या. कोरा चेक किंवा पुढच्या तारखेचे चेक मात्र देऊ नका. काम बिघडलं तर तेच चेक तुमच्या गळ्याशी येतात.

मोबाइलवर नंबर शोधून गीझर नाहीतर एसी दुरुस्तीवाला बोलावणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. कंपनीच्या नावाने खोटे नंबर इंटरनेटवर टाकलेले असतात. समोरचा गोड बोलतो, 'तक्रार नोंदवायला १० रुपये भरा' म्हणून लिंक पाठवतो, नाहीतर स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावतो. असं कुणी करायला लावलं की फोन ठेवा. दुसरा प्रकार रिफंडचा, 'पैसे परत करतो, क्यूआर स्कॅन करा.' पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. गेले तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढायच्या आत ती रक्कम गोठवली जाऊ शकते, म्हणून पहिला तास मोलाचा. कंपनीचा नंबर बिलावरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या.

माणूस निवडताना लोक त्याची झालेली कामं बघतात, ते बरोबरच. तुम्ही चालू असलेलं एक काम आणि वर्ष झालेलं एक काम, अशी दोन बघा. वर्ष झालेल्या घरी बाथरूमचे कोपरे बघा आणि शेवटी पैशावरून वाजलं का ते विचारा. पण त्याहून खरी माहिती मिळते ती हार्डवेअरच्या दुकानात. तो माल कुठून आणतो ते काढा, काहीतरी किरकोळ घ्यायला म्हणून जा आणि दुकानदाराला विचारा, 'यांचं उधारीचं खातं कसं चालतं?' दुकानदार वाईट बोलणार नाही, पण 'एकदम बिनधास्त' म्हणतो का 'चालू आहे हळूहळू' म्हणतो, यावरून सगळं समजतं. दुकानात ज्याची पत आहे त्याला तुमच्या अर्ध्या रकमेची गरज नसते.

एवढं करूनही काम अर्ध्यात थांबलं तर? आधी दोन साक्षीदारांसमोर झालेल्या कामाचं मोजमाप करा, फोटो-व्हिडिओ काढा. ठेकेदाराला लेखी कळवा की सात दिवसांत काम सुरू कर, नाहीतर दुसऱ्याकडून करून घेऊन फरक तुझ्याकडून वसूल करीन. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि स्पीड पोस्टानेही. दुसरा मिस्त्री आला की पहिला शेरा मारणार, 'सगळं चुकलंय, सगळं फोडावं लागेल.' लगेच मान डोलवू नका, तिसऱ्या कुणाला तरी दाखवा.

नुसता फोन टाळत असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, नाशिकला आहेच. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असली की जिल्ह्यातच चालतं, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं. तक्रार वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. तुमच्या ६० हजारवाल्या सुताराची तारीख आज रात्रीच काढून बघा. दोन वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस जरी उरले असतील तरी उद्या तक्रार टाका. पोलिसांकडे गेलात तर 'ही दिवाणी बाब आहे' असं ऐकायला मिळतं, आणि काम नुसतं लांबलं असेल तर ते खरंही असतं. पण पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता असं दाखवता आलं, म्हणजे खोटं नाव, खोटा पत्ता, एकाच वेळी अनेकांकडून उचल घेऊन पसार, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा होतो. अशा वेळी एकटे जाऊ नका. बुडालेले बाकीचे लोक शोधून एकत्र जा.

दुसरी बाजूही लिहायला हवी. माझ्याकडे एक रंगारी आहे, हात सोन्याचा. गंगापूर रोडला एका बंगल्याचे शेवटचे ११ हजार त्याला चार महिने मिळाले नाहीत. दर आठवड्याला सायकलवर जायचा, 'साहेब बाहेर गेलेत' ऐकून परत यायचा. तेव्हापासून तो नव्या माणसाकडून ७० टक्के आगाऊ घेतल्याशिवाय ब्रश भिजवत नाही. शेवटचा हप्ता खाणाऱ्या घरमालकांनीच निम्मी उचल मागायची सवय लावलीय. तुमच्याकडे राखून ठेवलेले १० टक्के हे त्याचे पैसे आहेत, तुमच्याकडे ठेव म्हणून. महिना झाला, तक्रार नाही, तर त्याने मागायच्या आत पाठवा.

आणि वेळेचाही विचार करा. भातलावणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याची माणसं गावी जातात. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी निघते तेव्हा मजूर बागांकडे वळतात. दिवाळी-होळीला परप्रांतातले सुतार, रंगारी गावाला जातात. त्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरात निघालीत, तेव्हा चांगला मिस्त्री मिळणं सोपं नाही हे मान्य. पण सणाच्या आधीच्या आठवड्यात कुणी 'गावाहून आलो की करतो' म्हणून उचल मागितली तर देऊ नका. झालेल्या कामाचा हिशोब चुकता करा, वर सणाचे पाचशे-हजार खुशीने द्या.

तुमच्या ठेकेदाराला असं सांगा: 'माल आम्ही तुमच्यासोबत येऊन घेतो, दुकानाला लगेच पैसे देतो. तुम्हाला आज वीस हजार बयाणा. पुढे काम झालं की दुसऱ्या दिवसाच्या आत हप्ता, एक दिवस उशीर नाही.' चांगला माणूस थोडी घासाघीस करेल, वीसचे तीस म्हणेल, द्या. तोडफोडीचा हप्ता जास्त मागेल, तोही दोन-तीन हजारांनी वाढवा. पण अर्ध्यावरच अडून बसला तर कोटेशन परत करा आणि चहा पाजून निरोप द्या. काम महिनाभर पुढे गेलं तरी चालेल, बाथरूम आजवर चाललंय तसं आणखी महिनाभर चालेल.

तो तयार झाला तर पहिल्या दिवशी शंभर पानी वही आणा आणि सरांकडे द्या. डाव्या पानावर झालेलं काम आणि मोजमाप, उजव्या पानावर दिलेले पैसे आणि सही. शिक्षक माणूस आहेत, हजेरीपट आयुष्यभर भरलाय, ही वही त्यांच्याइतकी नेटकी दुसरं कुणी ठेवणार नाही.